हिरव्या कंपन्यांत पैसे गुंतवायचे आहेत? पहिला शेअर घेण्याआधीच्या आठ पायऱ्या

माझं माहेर साताऱ्याचं. ठोसेघरवरून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की दोन्ही अंगांना पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. खालून त्या संथ फिरताना दिसतात, पण अगदी बुंध्याशी उभं राहिलं की पातं डोक्यावरून जाताना जो घुमारा उठतो तो छातीत जाणवतो. आपण साठवलेले चार पैसे अशा कामाला लागावेत असं मला फार दिवस वाटत होतं. २०२१ मध्ये ते जमलं. एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून मी चाळीस हजारांचे शेअर घेतले. कंपनीच्या नावात सूर्य होता, जाहिरातीत सोलर पॅनेलं होती, आणि तेवढ्यावर माझा विश्वास बसला.

आठ महिन्यांनी तिचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा उघडला. विक्रीच्या तक्त्यात सोलरचा वाटा नऊ टक्के होता, बाकी सगळा लोखंडी पाइपांचा व्यापार. तोवर भावही पडला होता. सतरा हजारांचा तोटा सोसून बाहेर पडले. वाईट एवढ्याचंच वाटलं, की तो तक्ता आधीपासून तिथे छापलेला होता आणि मी पाहिला नव्हता.

त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. मी गुंतवणूक सल्लागार नाही. कोणता शेअर घ्या हे सांगणार नाही, तो तपासायचा कसा एवढं सांगते.

१. तुमच्या लेखी 'हिरवं' म्हणजे काय, ते आधी लिहून काढा

काही कंपन्यांचा मालच पर्यावरणाच्या कामाचा असतो: पवनचक्क्या, सोलर, सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रं, भंगारातून धातू परत मिळवणं. काहींचा माल नेहमीचाच, पण त्या तो कमी पाण्यात, कमी कोळशात बनवतात. आणि काहींच्या धंद्याला मुळात धूरच नसतो, जसं की बँका किंवा सॉफ्टवेअर. बाजारात या तिन्हींवर 'हिरवं' हीच चिठ्ठी लागते. तुम्हाला यातलं काय हवंय, आणि कोणत्या धंद्याला अजिबात पैसा द्यायचा नाही, हे दोन-चार ओळींत लिहा. पुढे मोहाच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो.

आपल्याकडे सगळ्यात अवघड कोडं इथेनॉलचं आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की तेवढं खनिज तेल कमी जळतं, हे खरंच. पण त्यातला काही भाग उसातून येतो, आणि जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते अशा मराठवाड्यातल्या तालुक्यांतही ऊस उभा असतो. मका किंवा तुटक्या तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा हिशेब वेगळा निघतो. मी स्वतः उसावर चालणाऱ्या कंपन्या माझ्या यादीतून वगळल्या. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल, पण प्रश्न टाळू नका.

याच धंद्यात दुसरा धडाही आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने त्या हंगामापुरता उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि साखर कंपन्यांचे शेअर घसरले. पुढे थोडी सूट मिळाली, नंतरच्या हंगामात बंधन उठलंही. ज्या कंपनीची कमाई सरकारच्या एका आदेशावर अवलंबून आहे, तिथे तो आदेश कधीही बदलू शकतो हे धरूनच पैसे घालायचे.

२. कागदपत्रं जमवा, खातं उघडा

शेअरसाठी डीमॅट (शेअर ठेवायचं) आणि ट्रेडिंग (खरेदी-विक्रीचं) खातं लागतं. फक्त म्युच्युअल फंड घ्यायचे असतील तर डीमॅट नसलं तरी चालतं, केवायसी पुरते. हाताशी ठेवा:

– पॅन कार्ड
– आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर
– स्वतःच्या नावावरचं बँक खातं आणि कॅन्सल केलेला चेक
– कोऱ्या कागदावरच्या सहीचा स्वच्छ फोटो
– नॉमिनीचं नाव, जन्मतारीख, नातं

बायकांसाठी खास सूचना. पॅनवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं असेल तर केवायसी अडकते. माझी तीन आठवडे अडकली होती. आधी दोन्हीकडचं नाव एक करून घ्या, मगच अर्ज भरा. बँकेतलं नावही तपासा. मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असलं तरी कधी कधी अर्ज परत येतो.

ब्रोकर निवडताना त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधून पाहा. 'बेसिक' प्रकारचं डीमॅट मागा: चार लाखांपर्यंतच्या शेअरना वार्षिक शुल्क नाही, चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. त्यासाठी तुमच्या एकट्याच्या नावावर असं एकच खातं असावं लागतं. अर्जात फ्युचर्स-ऑप्शन्सची खूण आधीच केलेली असेल तर ती काढून टाका. आपल्या कामाशी तिचा काही संबंध नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या बँक खात्यातून व्यवहार करायचा असतो. भारतात असताना उघडलेलं जुनं खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही. अमेरिका-कॅनडात असाल तर आधी फंड कंपनीला विचारा, कारण बऱ्याच फंड कंपन्या तिथल्या रहिवाशांचे पैसे घेत नाहीत.

३. वाट निवडा: फंड, रोखे की थेट शेअर

नवख्या माणसाला सोपी वाट ईएसजी फंडाची. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्ही बाजू पाहून कंपन्या निवडणं. सेबीने जुलै २०२३ मध्ये या फंडांसाठी सहा पद्धती ठरवून दिल्या, आणि आता फंडाच्या नावातच पद्धत कळते. 'एक्सक्लूजनरी' असेल तर ठरावीक धंदे वगळलेले, 'बेस्ट इन क्लास' असेल तर प्रत्येक क्षेत्रातल्या त्यातल्या त्यात चांगल्या कंपन्या. नावात सांगितलेल्या पद्धतीने किमान ८० टक्के पैसा गुंतवणं बंधनकारक आहे.

पण नव्या माणसाची हमखास निराशा इथेच होते. असा फंड घेऊन यादी उघडली की वर मोठ्या बँका आणि आयटी कंपन्या दिसतात, पवनचक्क्या जेमतेम. यात फसवणूक नाही. बँकेला धुराडं नसतं आणि तिचा कारभार नीट असला की गुण चांगले मिळतात, म्हणून ती यादीत वर येते. तुमच्या पहिल्या पायरीच्या कागदाशी हे जुळतं का, ते पाहा. फंड घेताना 'डायरेक्ट' योजना घ्या. मधल्या माणसाचं कमिशन वाचतं आणि पंधरा-वीस वर्षांत तो फरक मोठा होतो.

ज्यांना चढउतार नको त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे हरित रोखे आहेत. रोखा म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या व्याजावर दिलेलं कर्ज. पहिले २५ जानेवारी २०२३ ला निघाले, ८,००० कोटींचे. पाच वर्षांच्या रोख्यांना ७.१० टक्के आणि दहा वर्षांच्या रोख्यांना ७.२९ टक्के व्याज. नेहमीच्या सरकारी रोख्यांपेक्षा हा दर किंचित कमी होता. हा पैसा सौर, पवन, मेट्रोसारख्या कामांसाठी असतो. खनिज इंधन, अणुऊर्जा आणि २५ मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प सरकारने आपल्याच आराखड्यात त्यातून वगळले आहेत. घ्यायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' संकेतस्थळावर फुकट खातं उघडा. किमान १०,००० रुपये लागतात. मुदतीआधी विकायला गेलात तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही, म्हणून मुदतीपर्यंत न लागणारा पैसाच इथे ठेवा. व्याजावर नेहमीसारखाच कर आहे.

महापालिकांच्या हरित रोख्यांवरही लक्ष ठेवा. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे रोखे काढले, ८.२५ टक्क्यांचे, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनाही अर्ज करता आला. नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला लागणारी वीज खरगोन जिल्ह्यातल्या जलूदच्या सौर प्रकल्पातून मिळावी म्हणून हा पैसा होता. नळाच्या पाण्याशी जोडलेली इतकी स्वच्छ, समजण्याजोगी गुंतवणूक मला दुसरी सापडलेली नाही. २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडनेही २०० कोटींचे हरित रोखे काढले. पुढे राज्यातल्या एखाद्या महापालिकेने सामान्यांसाठी असे रोखे काढले तर मी नक्की अर्ज करणार आहे.

या वाटांवर जाऊच नका

नव्वदच्या दशकातल्या सागवानाच्या जाहिराती ज्यांना आठवतात त्यांना समजावण्याची गरज नाही. आज काही हजार भरा, झाड आम्ही सांभाळू, वीस वर्षांनी लाखो घ्या. किती घरांनी पैसे घातले आणि किती कंपन्या दिसेनाशा झाल्या! त्या अनुभवानंतर १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले. आज तीच योजना नवे कपडे घालून येते: सोलर पॅनेल विकत घ्या आणि दरमहा भाडं मिळवा, चार्जिंग स्टेशनचा हिस्सा घ्या, कार्बन क्रेडिटमधून ठरलेलं उत्पन्न घ्या. ठरावीक परताव्याची हमी आणि सेबीची नोंदणी नाही, एवढं दिसलं की विषय तिथेच संपवा. समोर चुलतभाऊ बसला असला तरी.

४. वार्षिक अहवाल उघडा, आणि बीआरएसआर शोधा

थेट शेअर घ्यायचे असतील तर खरं काम इथे आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल, देणं सक्तीचं आहे. तो वार्षिक अहवालातच असतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. साठ-सत्तर पानं पाहून घाबरू नका. एका संध्याकाळी चहाचा कप आणि वही घेऊन बसलात तर पुढच्या चार गोष्टी नक्की वाचून होतात.

पहिली गोष्ट भाग 'अ' मधली. कोणत्या मालातून विक्रीचे किती टक्के येतात, याचा तक्ता तिथे असतो. माझे सतरा हजार या एका तक्त्याने वाचवले असते.

मग थेट सहाव्या तत्त्वावर या. एकूण नऊ तत्त्वं असतात, त्यातलं सहावं पर्यावरणाचं. इथे वीज-इंधन, पाणी, हवेतलं प्रदूषण, हरितगृह वायू आणि कचरा यांचे चालू आणि मागच्या वर्षाचे आकडे शेजारी शेजारी असतात. हरितगृह वायूंचे तीन गट कळले पाहिजेत. पहिला, कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्यांचा आणि गाड्यांचा. दुसरा, विकत घेतलेल्या विजेचा. तिसरा, कच्च्या मालापासून ते गिऱ्हाइकाच्या वापरापर्यंतचा. मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा खरा भार तिसऱ्यात असतो, कारण गाडी रस्त्यावर वर्षानुवर्षं जळत असते. नेमका हाच आकडा ऐच्छिक भागात येतो. तो स्वतःहून देणाऱ्या कंपनीला माझ्या वहीत एक गुण जास्त मिळतो.

आता सापळा. कंपन्या एकूण उत्सर्जनापेक्षा 'प्रति रुपया उलाढाल' हा आकडा पुढे करतात. समजा गेल्या वर्षी विक्री १,००० कोटी आणि उत्सर्जन ५०,००० टन. यंदा मालाचे भाव वाढले, विक्री १,२५० कोटी झाली, उत्सर्जन ५२,००० टन. कोटीमागे ५० टनांवरून ४१.६ टन. पुस्तिकेवर हिरव्या अक्षरांत 'सुमारे १७ टक्के घट' छापून येतं, आणि हवेत मात्र दोन हजार टन जास्त गेलेले असतात. म्हणून एकूण आकडा आधी पाहा, मग दर टन मालामागचा, आणि उलाढालीमागचा सगळ्यात शेवटी.

तिसरी गोष्ट पाण्याची. नदी-धरणाचं किती, भूजल किती, टँकर किंवा नळाचं किती, हे वेगवेगळ्या ओळींत दिलेलं असतं. कारखाना टंचाईच्या भागात असेल आणि भूजलाची ओळ दरवर्षी वाढत असेल, तर गावाशी भांडण आणि कंपनीचा खर्च, दोन्ही वाट पाहत आहेत.

चौथी, पाणी-हवा प्रदूषणाचे कायदे पाळले का, दंड झाला का, हा प्रश्न. एका ओळीत 'होय, पाळले' एवढंच असेल तर पुढच्या पायरीवर ते पडताळून पाहा.

पहिल्या हजारात नसलेल्या छोट्या कंपनीकडे हा अहवाल बहुधा नसतो. पहिली दोन-तीन वर्षं तरी अशा कंपन्यांपासून लांब राहा.

५. कागदावरचं जमिनीवर आहे का, ते पाहा

जेनसोल इंजिनिअरिंगचं प्रकरण विजेच्या गाड्यांत पैसे घालू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. सौरऊर्जा, विजेच्या टॅक्सी, चाकणला गाड्यांचा कारखाना, सगळं हिरवं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की सुमारे ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. ९ एप्रिलला राष्ट्रीय शेअर बाजाराचे अधिकारी चाकणला गेले, तर तिथे दोन-तीन मजूर आणि उत्पादन काहीच नाही. महावितरणची बिलं काढली. बारा महिन्यांतलं सगळ्यात मोठं बिल दीड लाखांच्या थोडं वर. १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने हे नोंदवलं. मागणी म्हणजे नुसते सामंजस्य करार होते, त्यात ना किंमत ना तारीख, असंही लिहिलं. गाड्यांसाठी घेतलेल्या कर्जातल्या २६२ कोटींचा हिशेब लागत नसल्याचंही त्यात आहे. ११२५ रुपयांवर गेलेला शेअर तोवर १३३ वर आला होता, आणि भागधारक लाखाच्या वर होते.

आपण कारखान्यात शिरू शकत नाही, पण बरंच काही घरबसल्या पाहता येतं. क्रिसिल, इक्रा, केअर या पतमानांकन संस्था कर्जाच्या दर्जामागची कारणं फुकट छापतात. या प्रकरणातही मार्चच्या सुरुवातीलाच दर्जा 'डी' वर, म्हणजे कर्जफेड चुकल्याच्या पायरीवर, आला होता, सेबीच्या आदेशाच्या सहा आठवडे आधी. कंपनीचं नाव आणि राष्ट्रीय हरित लवाद असं एकत्र शोधा. पर्यावरण मंजुरीचे कागद केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर असतात. आणि कारखाना ज्या गावात आहे तिथे ओळखीचं कोणी असेल तर फोन करून ओढ्याचं पाणी कसं आहे, एवढं विचारा. हा फोन मी दर वेळी करते.

६. चांगलं काम आणि चांगला शेअर या वेगळ्या गोष्टी आहेत

सातारा जिल्ह्यातल्याच वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभारणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनचा शेअर जानेवारी २००८ मध्ये चारशेच्या वर होता. कंपनीने परदेशात मोठी खरेदी केली, कर्ज वाढलं, ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी रोख्यांची परतफेड चुकली, आणि मार्च २०२० मध्ये शेअर तीन रुपयांच्या खाली गेला. या सगळ्या काळात पात्यं फिरत होती, वीज तयार होत होती. बुडवलं कर्जाने. कंपनी पुढे सावरली, पण चारशेला घेतलेल्यांची भरपाई त्यातून झाली नाही.

अक्षय ऊर्जेला कर्ज देणाऱ्या सरकारी इरेडाचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना विकला गेला, जुलै २०२४ मध्ये तीनशेच्या वर गेला आणि २०२५ मध्ये त्याच्या निम्म्याखाली आला. बत्तिसाला मिळाला तो सुखी, बातम्या ऐकून तीनशेला धावला तो रडवेला. म्हणून कर्ज भांडवलाच्या किती पट आहे, नफ्यातून व्याज आरामात भागतं का, आणि भाव वर्षाच्या कमाईच्या किती पट आहे, हे तीन आकडे इतर कोणत्याही कंपनीसारखेच पाहा.

७. खरेदी

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तरच सुरुवात करा. ठरवलेल्या रकमेचे चार-पाच भाग करून दोन-तीन महिन्यांच्या अंतराने घ्या. ऑर्डर देताना 'लिमिट' निवडून स्वतः भाव घाला. एका कंपनीत एकूण रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त मी ठेवत नाही. सध्या वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर विकलं तर आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के.

खरेदीच्या दिवशी वहीत तारीख, भाव आणि 'का घेतला' हे लिहा. कारण दोन ओळींत लिहिता येत नसेल तर त्या दिवशी घेऊ नका.

८. घेतल्यानंतर: तुम्ही आता मालक आहात

एक शेअर असला तरी वार्षिक सभेला बसायचा आणि मत द्यायचा हक्क मिळतो. मार्चअखेरीला आर्थिक वर्ष संपणाऱ्या कंपन्यांना ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सूचना किमान २१ दिवस आधी ईमेलवर येते. ती न उघडता पुसून टाकू नका. बहुतेक सभा हल्ली ऑनलाइन असतात, आणि बोलायचं असेल तर सूचनेत दिलेल्या पत्त्यावर आधी नाव नोंदवावं लागतं. मुदत बारीक अक्षरांत असते, ती शोधा.

ब्रोकरबद्दल किंवा कंपनीबद्दल तक्रार असेल तर आधी त्यांना लेखी कळवा, मग सेबीच्या 'स्कोअर्स' संकेतस्थळावर नोंदवा. फोनवरच्या आश्वासनाचा तिथे उपयोग होत नाही, म्हणून प्रत्येक ईमेल जपून ठेवा.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा सभेत बोलले. माझ्याकडे त्या कंपनीचे बावीस शेअर. सहाव्या तत्त्वातल्या तक्त्यात भूजलाचा उपसा एका वर्षात जवळजवळ दीडपट झालेला दिसला होता, आणि अहवालात कारण कुठेच नव्हतं. नाव पुकारल्यावर पान क्रमांक सांगून तेवढंच विचारलं. अध्यक्षांनी कारखान्याच्या प्रमुखांना बोलायला सांगितलं: कालव्याचं पाणी तीन महिने बंद होतं म्हणून बोअर चालवले, सांडपाणी परत वापरण्याचं यंत्र मार्चपर्यंत बसेल. दोन दिवसांनी महिनावार आकडे ईमेलवर आले. ते छापून मी वहीत चिकटवलेत. नव्या अहवालात भूजलाच्या त्या ओळीपुढे काय येतं ते पाहीन, आणि मगच ते बावीस शेअर ठेवायचे की विकायचे ते ठरवीन.